ड्रॉप्स कोण घालणार?

आमच्या फ्रिजच्या दारावर गेले दोन महिने एक कागद चिकटवलेला आहे. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. पुढे दोन औषधांची नावं आणि शेवटच्या रकान्यात ज्याने ड्रॉप्स घातले त्याची सही. चिंगी आमच्याकडे आली त्याच संध्याकाळी मी तो लावला होता. पहिल्या पंधरा दिवसांत त्या रकान्यात एकच सही होती. माझी.

चिंगी ही मुलुंड कॉलनीतल्या एका गल्लीतली गावठी कुत्री. पिवळसर रंग, वय असेल चारेक वर्षं, कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली. दोन्ही डोळ्यांत दुधाळ मोतीबिंदू. दोनदा गटारात पडली, एकदा रिक्षाखाली येता येता वाचली. नसबंदी केलेल्या कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण आंधळ्या कुत्रीला त्या रस्त्यावर कसं सोडणार? गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्या एका ताईंनी तिला उचललं आणि परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवलं. (रिक्षा सायनच्या पुढे जात नाही. तिथून कुत्रं घ्यायला तयार असलेला टॅक्सीवाला मिळेपर्यंत त्यांची अर्धी दुपार गेली.) तिथून पुढे डोळ्यांचे वेगळे डॉक्टर, तपासण्या, ऑपरेशन. बिल पाच आकडी झालं, ते दहा-बारा जणींनी वाटून घेतलं. ताईंच्या दोन खोल्यांत आधीच सहा मांजरं. 'सहा आठवडे फक्त सांभाळ, तोवर कायमचं घर शोधते,' असं म्हणून त्यांनी चिंगीला माझ्या हवाली केलं. याला 'फॉस्टर' म्हणतात.

कुत्र्याचा मोतीबिंदू काढतात तोही बराचसा आपल्यासारखाच. बारीक छेद, ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडून ओढून घ्यायचं, जमलं तर कृत्रिम भिंग बसवायचं. फक्त पूर्ण भूल द्यावी लागते, आणि मागचा पडदा काम करतोय ना, हे आधी बघावं लागतं. चिंगीचा डावा पडदा निकामी निघाला. म्हणून उजवा एकच डोळा केला. जाता जाता एक सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक आली म्हणजे मोतीबिंदूच, असं नसतं. वयाने भिंग घट्ट होतं, त्यातून बऱ्यापैकी दिसत असतं. आणि खरा मोतीबिंदू असेल तर तो विरघळवणारे ड्रॉप्स नाहीत, कोणी विकत असलं तरी.

माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू गेल्याच वर्षी काढला. 'डोळ्याला हात लावू नका' असं त्यांना सांगता आलं (तरी त्या लावत होत्याच, ही गोष्ट निराळी). कुत्रीला काय सांगणार? तिच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं. गळपट्टा बंद, कारण तो ओढला गेला की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. त्याऐवजी छातीचा पट्टा. जिने बंद, सोफ्यावरची उडी बंद. दोन औषधांमध्ये दहा मिनिटं थांबायचं. कंटाळा केला की डोळ्याला सूज, सुजेतून काचबिंदू, आणि मिळालेली नजर गेली ती गेलीच, वर वेदना.

आणि एवढं करून तिला आनंद झाला असेल असं वाटतं ना? मला वाटलं होतं. चिंगी घाबरली. पंख्याची सावली, कपाटाचा आरसा, दोरीवर हलणारी साडी, सगळ्याला घाबरली. आंधळी असताना बिनधास्त चालणारी ही कुत्री दिसायला लागल्यावर भिंतीला चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी तिने मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग नरसाळ्यातून नाक पुढे काढून माझा हात हुंगला. मी तीच का, याची खात्री तिने नाकानेच करून घेतली.

सहा आठवडे संपले. ताई दत्तकपत्राचा फॉर्म घेऊन आल्या, कारण एका डोळ्याच्या गावठी कुत्रीला घर मिळालं नव्हतं. घरात एकमताने ठराव झाला, 'ठेवूया की!' लेक म्हणाली, नवरा म्हणाला, सासूबाईसुद्धा म्हणाल्या. मी 'नाही' म्हटलं.

वाईट ठरले. पण मी कागद काढून समोर ठेवला. दीडशेच्या वर सह्या, त्यात लेकीच्या अकरा, नवऱ्याच्या चार. सासूबाईंच्या आजारपणात, लेकीच्या दहावीत रजा कोणी टाकल्या? दत्तक घर घेतं आणि ड्रॉप्स बाई घालते, हे मला नको होतं. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, आणि असं ऑपरेशन झालेल्या डोळ्याचं प्रेशर आयुष्यभर अधूनमधून तपासावं लागतं. मुक्या जिवाची दया येणं सोपं आहे हो. ती सहा आठवडे टिकते. सातव्या आठवड्यात पहाटे पावसात छत्री घेऊन तिला खाली कोण नेणार, हे ठरलेलं नसेल तर फॉर्मवर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी आणून सहा महिन्यांनी परत केलेलं कुत्रं रस्त्यावरच्या कुत्र्यापेक्षा जास्त हरवलेलं असतं.

सोसायटीचा प्रश्न त्यामानाने किरकोळ निघाला. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मग दहा-अकरा दिवसांत तो बदलला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले होते. चावऱ्या कुत्र्याची आणि रेबीजची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण सभेत बहुमत झालं म्हणून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्येही नाही; पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये ते आहे. मी चिंगीच्या रेबीजच्या लशीच्या कार्डाची झेरॉक्स सेक्रेटरींना दिली, पालिकेच्या परवान्याचा अर्ज दाखवला. ते म्हणाले, 'मॅडम, भुंकते का?' मी म्हटलं, 'हो.'

घरात मात्र तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर फ्रिजवर नवा कागद. अक्षर नवऱ्याचं. या वेळी शेवटच्या रकान्यात सहीची जागा नव्हती, आधीच नावं लिहिलेली होती. सकाळचे ड्रॉप्स तो, दुपारचे सासूबाई ('मला माहीत आहेत ते ड्रॉप्स, मलाही घातलेत'), रात्रीचे लेक. संध्याकाळी पाचच्या पुढे माझं नाव. खाली पेन्सिलीने प्रेशर तपासणीच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे अर्धी रजा कोणाची, ते. मी दोन तारखा बदलून घेतल्या, मार्च एंडिंगला त्याला रजा मिळत नाही हे तो विसरला होता.

मग फॉर्मवर सही केली. परवाच्या सोमवारी पहिली तपासणी. नवरा नेणार आहे, आणि छातीचा पट्टा कसा घालायचा ते त्याने अजून मला विचारलेलं नाही.