गिअर आणि गुलाबी दूध

रात्री अभ्यासाच्या नावाखाली वसतिगृहातील एका खोलीत चार-पाच मुली एकाच मोबाईलभोवती डोकी जुळवून बसल्या असतील, तर त्या काय पाहत असतील हे आता आमच्या रेक्टरबाईंनाही ठाऊक झाले आहे. दोन मुलांच्या परस्परप्रेमाच्या थाई मालिका! "त्यात पाहण्यासारखे एवढे आहे तरी काय?" असे आम्हांला वरचेवर विचारले जाते. विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल कमी आणि उपहास अधिक असतो. तरीही प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे, तर आवडीबरोबर नावडही सांगितली पाहिजे. त्यासाठी मी 'सोटस' ही एकच मालिका घेते; कारण ती महाविद्यालयातच घडते.

या कथाप्रकाराचे मूळ जपानचे. १९७० च्या दशकात तिथल्या लेखिकांनी मुलींसाठी काढलेल्या चित्रकथांत दोन तरुणांचे प्रेम रंगवायला सुरुवात केली. ती लाट थायलंडला पोहोचली, तेव्हा 'याओई' या जपानी शब्दाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून तिला 'वाय' हे नाव पडले. आधी कादंबऱ्या आल्या, मग दूरचित्रवाणी मालिका. 'सोटस'ही अशाच एका कादंबरीवरून निघाली. २०१६ ते २०१७ या काळात तिचे पंधरा भाग दाखवले गेले आणि थायलंडबाहेरही तिला उदंड प्रेक्षक लाभले.

'सोटस' हे नाव पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे बनले आहे. ज्येष्ठता, शिस्त, परंपरा, एकी आणि चैतन्य असा त्यांचा साधारण अर्थ. थायलंडमधील अनेक विद्यापीठांत नवागतांना या पाच शब्दांच्या नावाने वाकवले जाते. त्या प्रथेचे थाई नाव मोठे गोड आहे : 'रप नोंग', म्हणजे धाकट्यांचे स्वागत! आपण त्याला सरळ रॅगिंग म्हणतो.

कथा अशी. आर्थित हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नवागतांना दरडावणाऱ्या सीनिअरांचा म्होरक्या. कोंगपोप हा पहिल्या वर्षाचा. आर्थित त्याला नावाने हाक मारीत नाही. '००६२' या क्रमांकाने पुकारतो. शाखेचे 'गिअर', म्हणजे एक लहानसे दातेरी चक्र, हे तिथले मानचिन्ह. ते मिळवायचे तर सीनिअरांच्या परीक्षेत उतरावे लागते. सगळे माना खाली घालून उभे असताना कोंगपोप मात्र मान वर करून विचारतो, की आम्ही तुमचे का ऐकावे? पहिल्याच भागातला हा प्रश्न ऐकून मी ताठ बसले होते. मालिका या प्रश्नाशी इमान राखील, असे मला तेव्हा वाटले.

आता आवडीचे आधी सांगते. या मालिकेला घाई नाही. आपल्या पडद्यावरचा नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिचा नकार हा होकारच समजतो, आणि ती वैतागली की प्रेक्षक हसतात. इथे दोघे एकमेकांकडे चोरून पाहण्यातच कित्येक भाग जातात. गरजून बोलणाऱ्या आर्थितला आवडते काय, तर लाल सरबत घातलेले थंडगार गुलाबी दूध! चारचौघांत त्याला त्याची लाज वाटते. कोंगपोपला ते कळते आणि तो ते लक्षात ठेवतो. दुसऱ्याची एवढीशी आवड लक्षात ठेवणे हेच प्रेम, असे ही मालिका भाषणावाचून सांगते. कोंगपोप त्याला 'पी आर्थित' म्हणतो. 'पी' म्हणजे थोरले भावंड, जवळजवळ आपला 'दादा'च. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही हसून लोळलो. पण त्या भाषेत वडीलधाऱ्यालाही 'पी' आणि प्रियकरालाही 'पी'. एकाच शब्दातली जरब हळूहळू गळून माया कशी उरते, ते कानाला कळत जाते.

मुलींना हे का आवडते याचे आणखी एक कारण आहे. नायक-नायिकेच्या कथेत आमची जागा आधीच ठरलेली असते. थांबायचे आम्ही, लाजायचे आम्ही, शेवटी घर सोडायचे तेही आम्हीच. दोन मुलांच्या कथेत ती जागा कुणालाच नेमून दिलेली नसते. प्रेक्षक मुलगी आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या बाजूने उभी राहू शकते. ही मोकळीक लहान नाही.

आणि म्हणूनच मालिकेतले एक वाक्य मला बोचते. 'माझे गिअर तू कसे मिळवणार?' या आर्थितच्या प्रश्नावर कोंगपोप म्हणतो, की मी तुम्हांला माझी बायको करीन. बायकोचे जे असते ते नवऱ्याचेच असते. खोलीत हशा पिकला. मीही हसले, आणि मग गप्प झाले. ज्या वाटण्या टाळून आम्ही इथवर आलो, त्या मागल्या दाराने पुन्हा घरात शिरल्या! दोन पुरुषांत एकाचा पाणउतारा करायचा तर त्याला बायको म्हणायचे. आणि बायको म्हणजे काय, तर जिचे स्वतःचे काही नसते ती.

दुसरी उणीव या सबंध कथाप्रकाराची आहे. यांतल्या कितीतरी कथांत समाज जणू सुट्टीवर गेलेला असतो. 'मला मुलगे आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस' असे म्हणणारे नायकही पुष्कळ भेटतात. ज्यांना खरोखर मुलगेच आवडतात, त्यांनी हे वाक्य ऐकून काय समजावे? 'सोटस'च्या पुढच्या पर्वात आर्थित नोकरीच्या जागी आपले नाते लपवतो, एवढे भय तरी तिथे दाखवले आहे. ते मला खरे वाटले. थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी अमलात आला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले, परंतु २०२३ साली विवाहाचा हक्क देण्यास नकार दिला. पडद्यावरच्या गोड चुंबनाला टाळ्या देणारी मी, वर्गातल्या अशा एखाद्या मुलाची टवाळी चालली असता काय करते? ही खरी परीक्षा. ती कुठल्याही मालिकेच्या आवडीने आपोआप उत्तीर्ण होता येत नाही.

परंतु माझे खरे भांडण त्या पहिल्या प्रश्नापाशी आहे. 'आम्ही का ऐकावे?' या प्रश्नाला मालिका उत्तर देत नाही. ती आर्थितला आवडता करते. त्याला शिक्षा झाली, की तो मुकाट्याने मैदानाला फेऱ्या घालतो. त्याचा ओरडा म्हणजे वरवरचे सोंग, आत सगळी काळजी, असे आम्हांला पटवले जाते. आणि शेवटी? प्रश्न विचारणारा कोंगपोपच पुढे सीनिअरांचा म्होरक्या होतो!

हा शेवट इतरांना सुखाचा वाटला. मला वाटला नाही, कारण तो मी जगले आहे. अकरावी-बारावीला मी दुसऱ्या गावी एका वसतिगृहात होते. पहिल्या आठवड्यात 'ओळख' या नावाखाली आम्हांला रात्री उभे केले, मान खाली घालून गाणी म्हणायला लावली, घरच्यांविषयी नको ते विचारले. मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आणि वर्षभराने, नव्या मुली आल्या तेव्हा, खुर्चीवर मी बसले होते. 'आम्हीही सोसले, त्यातूनच मैत्री होते,' असे मीच त्यांना ऐकवले. एक मुलगी पंधरा दिवसांत सामान बांधून गेली. ती कशामुळे गेली हे मी कधी विचारले नाही. विचारायची हिंमत नव्हती.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला. प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सह्याही होतात. पण परंपरा कायद्याने टिकत नाही तशी केवळ कायद्याने मरतही नाही. ती टिकते ती 'त्यातूनच प्रेम निर्माण होते' या गोड गोष्टीवर. 'सोटस'ने तीच गोष्ट अतिशय सुंदर रीतीने सांगितली आहे, हीच माझी तक्रार.

मग मालिका पाहू नये का? अवश्य पाहावी. मी तीनदा पाहिली आहे, आणि चौथ्यांदाही पाहीन. फक्त गुलाबी दुधाची गोडी जिभेवर असताना कोंगपोपचा तो पहिला प्रश्न विसरू नये. त्याने तो सोडून दिला. आपण सोडू नये. येत्या जूनमध्ये आपल्या वसतिगृहात नव्या मुली येतील. त्यांचे स्वागत व्हावे ते नावाने, क्रमांकाने नव्हे. आणि त्यांनी मान वर करून काही विचारले, तर खुर्चीवर बसलेल्या कुणीतरी उठून आधी त्यांना बसायला द्यावे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला