नियम शेजाऱ्यांसाठी, नाचणाऱ्यांच्या कानांचे काय?

टेक हाउस हे संगीत नुसते ऐकायचे नसतेच. ते अंगावर घ्यायचे असते. मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, म्हणजे तासाभरात साडेसात हजार. मध्येच डीजे खालचा बास काढून घेतो, गर्दी थबकते, आणि ठोका परत येतो तो थेट छातीत. यात वेड लावणारे काहीतरी आहे, हे आधी मान्य करावे. ‘काय तो ढणढणाट’ म्हणणाऱ्याचे तरुण ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचे फारसे चुकतही नाही.

प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा. कानात दडे बसलेले, आत बारीक शिट्टी वाजत असते. एकदोन दिवसांत ते जाते आणि आपण विसरतो. पण आतल्या कानातल्या केसपेशी मोजक्याच, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. मेल्या की पुन्हा येत नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेतील कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचे ऐकणे पूर्ववत झाले, केसपेशीही शाबूत राहिल्या. मात्र त्या पेशी आणि श्रवणनस यांच्यातले सांधे काही भागांत जवळपास निम्मे कायमचे नष्ट झाले होते. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. तरी ‘ऐकू येतंय ना, मग झालं’ हा दिलासा मला आता पुरेसा वाटत नाही.

उपाय अगदी साधा आहे. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका संगीत महोत्सवात संशोधकांनी ५१ स्वयंसेवकांचे दोन गट केले आणि एका गटाला इअरप्लग दिले. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. इअरप्लग नसलेल्या ४२ टक्के कानांची क्षमता तात्पुरती घटली. इअरप्लग लावलेल्यांत ८ टक्के.

आपल्याकडे २००७ साली गोव्यात कांदोळीला ‘सनबर्न’ सुरू झाला, आणि अशा महोत्सवांवरचा वाद तेव्हापासून बहुधा रात्री दहाच्या वेळेभोवतीच फिरतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. ते हवेतच, पण ते कुंपणाबाहेर झोपू पाहणाऱ्यांसाठी आहेत. पैसे मोजून स्पीकरसमोर उभ्या राहिलेल्याच्या कानांचा विचार त्यात नाही. (मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांचीही तीच गत, आणि तिथे तर तिकीटही नसते.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक दिले आहे : १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजला जावा, कान निववायला शांत जागा असावी, इअरप्लग मिळावेत. परवानगी देताना याच अटी घालाव्यात, आणि मोजलेला आकडा मंचाशेजारच्या पडद्यावर सर्वांना दिसू द्यावा. प्रवेशद्वारावर मनगटाला पट्टा बांधतात, तिथेच इअरप्लगची जोडी हातात द्यावी. फोमच्या इअरप्लगने वरचे सूर थोडे मंद होतात. ठोका छातीत पोचतोच.