रुडकीची खुर्ची, केम्प्टनचा बाजार

मुलीकडे लंडनला गेलो की जावई विचारतात, "बाबा, काय पाहायचं?" या खेपेला मी म्हटलं, जुना बाजार दाखवा. खडकीला पोस्टिंग होतं तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारची चक्कर ठरलेली. ती खोड काही जात नाही.

लंडनच्या पश्चिमेला केम्प्टन पार्क हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी तिथे जुन्या सामानाचा बाजार भरतो, तोही पहाटेपासून. थंडीत अंधार असतोच. माणसं टॉर्च घेऊन कपाटांखाली वाकलेली. मला रात्रीची गस्तच आठवली.

एका ठिकाणी सागवानी ड्रॉवरची पेटी होती. पितळी कोपरे लाकडात खाच पाडून सपाट बसवलेले, कड्याही आत दबलेल्या, पाय फिरवून काढता येणारे. मधून दोन भाग होत होते. विक्रेत्याने कारण सांगायच्या आधीच मी ओळखलं: एक भाग खेचराच्या डाव्या अंगाला, दुसरा उजव्या. पूंछच्या डोंगरात खेचरांबरोबर चाललोय. ओझं दोन्हीकडे सारखं नसेल तर जनावर जागचं हलत नाही. इंग्रज अफसरांच्या मोहिमांसाठी असं सामान बनायचं. या पेटीवर अफसराचं नाव कोरलेलं होतं. सुताराचं नव्हतं, खेचरवाल्याचंही नव्हतं.

शेजारी एक खुर्ची. चार पाय, आडव्या दांड्या, कॅनव्हासची बैठक. ना खिळा, ना सरस. दांड्या पायांच्या भोकांत नुसत्या बसवलेल्या, त्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही पाय टेकतात. सुटी करून पिशवीत भरता येते. विक्रेता म्हणाला, "ही रुडकी चेअर." मी चाट पडलो. रुडकीला, बंगाल सॅपर्सच्या गावात, मी दोन वर्षं काढली. पण हे नाव तिथे एकदाही कानावर आलं नव्हतं. पुढे वाचलं, डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने १९३३ साली केलेली प्रसिद्ध सफारी खुर्ची याच खुर्चीवरून घेतलेली.

किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त. घेतली नाही. पण गप्प झालो ते किमतीमुळे नव्हे. एका युनिटमध्ये मेसचं जुनं फर्निचर कंडेम करायच्या बोर्डावर मी मेंबर होतो. ढिगात अशाच दोन खुर्च्या होत्या. 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मारून मी सही केली. थंडीचे दिवस होते, लाकूड लंगरच्या चुलीत गेलं.

म्हणून परदेशातल्या बाजारात 'आमचं लुटून नेलं' म्हणत फिरणं मला आता पटत नाही. काही लुटून नेलं हे खरंच. पण त्यांनी निदान जपलं, नाव ठेवलं, कशी बनली ते लिहून ठेवलं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षं जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. कायदा सरहद्दीवर अडवतो, कुऱ्हाडीला नाही.

फिरायला गेलात तर जुन्या बाजारात जरूर जा. ड्रॉवर बाहेर काढा, सांधे हाताने कापलेले आहेत का बघा, पितळेवर बोट फिरवा. घ्यायलाच हवं असं नाही. तिथे तयार झालेली नजर घरी मात्र घेऊन या. युनिटमध्ये अजून असाल, तर कंडेम बोर्डाच्या कागदावर सही करण्याआधी खुर्ची उलटी करून पाहा, एखाद्या जुन्या सुताराला विचारा, निदान फोटो काढून ठेवा.

परत आलो तर सूनबाईंनी माझी काळी ट्रंक भंगारवाल्यासाठी अंगणात काढलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव, युनिट. ती उचलून परत आत ठेवली. निवृत्त मित्रांनो, तुमची ट्रंक कुठे आहे? असेल तर एवढंच करा, तिला नवा रंग देऊ नका.