गाव पाहिजे, गाव!

सोलापुरात राहणाऱ्या माणसाकडे मुंबई-पुण्याचे नातेवाईक दोनच गोष्टी मागतात : चादर आणि शेंगाचटणी. ह्या दोन्ही मागण्या मी आजवर विनातक्रार पुरवत आलो आहे. पण आमच्या भाच्यानं एके दिवशी फोनवर तिसरीच वस्तू मागितली.

"मामा, तुमच्या बाजूला एखादं गाव आहे का?"

शेजारणीकडे विरजण मागावं, असा आवाज.

"आहेत की," मी म्हटलं, "केवढ्या मापाचं देऊ?"

हा भाचा सिनेमाच्या धंद्यात आहे. तिथं तो नक्की काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पिक्चर सुरू व्हायच्या आधी तो जागा शोधत हिंडतो आणि पिक्चर संपल्यावर पैसे शोधत हिंडतो, एवढं मला माहीत आहे. त्यानं यादी वाचून दाखवली. नदी हवी. नदीला दगडी घाट हवा. घाटावर देऊळ, देवळामागे वाडा, वाड्यासमोर वड, वडाला पार आणि पारावर म्हातारा. म्हातारा ते मुंबईहून आणणार होते. विजेच्या तारा नकोत, मोबाईलचा मनोरा नको, पत्रे नकोत आणि सिमेंट तर औषधालाही नको.

"अरे, असं गाव असलं, तर तिथली माणसं ते कधीच सोडून गेली असतील!"

"मग तर फारच छान, मामा. गर्दी आवरावी लागणार नाही."

शेवटी मी त्यांना कुंभारीला न्यायचं ठरवलं. कुंभारी म्हणजे अक्कलकोटच्या रस्त्यावर, सोलापूरपासून हाकेच्या अंतरावर. हाक थोडी मोठी मारावी लागते, एवढंच. मंडळी आली : डायरेक्टर, कॅमेरामन, 'आर्ट' बघणारा एक दाढीवाला आणि पाण्याच्या बाटल्यांचं खोकं सांभाळत आमचा भाचा. गाडीतून उतरल्याबरोबर दाढीवाल्यानं विचारलं, "इथले कुंभार कुठे बसतात? फिरत्या चाकाचा एक शॉट घेता येईल." आता कुंभारीत उतरून पहिल्यांदा चाक शोधणं म्हणजे सोलापुरात उतरून सोळा पुरं मोजण्यासारखं. पण पाहुणे होते. मी गप्प राहिलो.

त्यानंतर जे झालं, ते ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली आहेत त्यांना सांगायला नको. मंडळींनी गाव समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. बोटांची चौकट करून एक डोळा मिटून बघितलं. उसाचा रस घेतला. मग ते एकमेकांत इंग्रजीत बोलले. नकार नेहमी इंग्रजीतच ठरतो.

"गाव ओरिजिनल वाटत नाही," डायरेक्टर म्हणाला.

वाचकहो, माझं भांडण आहे ते ह्या एका वाक्याशी. जे गाव खरोखर गाव आहे, ज्याला गट नंबर आहे, सरपंच आहे, ज्याच्या हद्दीत भांडणं आहेत, ते 'ओरिजिनल' नाही! मग ओरिजिनल कुठलं? तर वाईचं. वाईशी माझं वाकडं नाही. कृष्णेचा घाट देखणा आहे, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा त्याहून देखणा आहे. मुंबईहून गाडी सकाळी निघाली, तर दुपारच्या जेवणाला पोचते आणि युनिटला उतरायला पाचगणी-महाबळेश्वर जवळ आहे. जनरेटर, जेवण आणि नटाचा मूड हे तिन्ही जिथं सांभाळता येतात, तिथं शूटिंग होणार. हा हिशेब मला मान्य आहे. पण वाईला तिथं काम काय मिळतं बघा. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये ती बिहार झाली. २००४ च्या 'स्वदेस'मध्ये मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातला झाला. २०१० च्या 'दबंग'मध्ये वाई पुन्हा उत्तर प्रदेशात गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तिला तिकडचं रेशनकार्ड मिळायला काहीच हरकत नव्हती! म्हणजे मेणवलीला मेणवली म्हणून काम नाही आणि बिहारच्या गावाला तर कामच नाही. पडद्यावर गाव दिसतं, पण ते कुणाचंच नसतं.

दाढीवाल्यानं विचारलं, "निदान काहीतरी उंच, व्हिज्युअल असं?"

"उशीर केलात," मी म्हटलं. "होती ना. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी. सुमारे ९० मीटर उंच." विमानतळाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी ती स्फोटानं पाडली. वर्षानुवर्षं उभी असलेली चिमणी काही सेकंदांत कंबरेतून बसली. कुणाला त्या धुळीत विमान दिसलं, कुणाला ऊस दिसला. हा प्रसंग ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आहे. फक्त सिनेमावाल्यांकडे नाही, कारण ते त्या वेळी कुठल्यातरी घाटावर पणत्या सोडत असणार.

मग मी त्यांना आमचं खरं दालन दाखवायला नेलं. कुंभारीची घरं. विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं इथं १० हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे रे नगर झालं. ३० हजार घरांची योजना. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी इथं येऊन केलं. दोन्हींमागे नरसय्या आडम मास्तरांची आणि त्यांच्याबरोबर चाललेल्या हजारो बायाबापड्यांची पायपीट आहे. दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान ज्या घरांपाशी एक झाले, तिथं एक डायरेक्टर आणि एक कॅमेरामन एक व्हायला काय हरकत होती? आणि खरंच, दोघांचेही डोळे एकदम चमकले.

"सुपर्ब! इथं झोपडपट्टी करता येईल."

मी ऐकतच राहिलो. बेत असा की एक ओळ घ्यायची, भिंतींना चिखल फासायचा, वर फाटकी निळी ताडपत्री टाकायची आणि दारावरचे नंबर झाकायचे. दोन दिवसांचं भाडं द्यायचं, वर जाताना नवा रंगही काढून द्यायचा.

समोरच्या उंबऱ्यात एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मान खाली, पण कान वर. बोटं मात्र थांबत नव्हती. हजाराचा हिशेब पुरा व्हायचा असला, की बोटांना पाहुणे दिसत नाहीत.

"काय म्हणायलेत वो भाऊ हे लोक?"

मी सांगितलं. मला वाटलं, भाड्याचं ऐकून विचार करतील.

"झोपडीच पायजे तर झोपडपट्टीत जावा म्हणावं की. आम्ही तिथनंच आलोय."

"अहो अक्का, रंग परत देणार आहेत ते."

"रंगाचं नाही वो. ह्या घरासाठी मोर्चात किती चपला झिजल्या, मोजल्या नाहीत. आता माझी नात उद्या पिक्चर बघंल. तिला आपलं दार दिसंल आणि वर फाटकी ताडपत्री दिसंल. मग मी तिला जे सांगितलं, ते खोटं झालं की नाही?"

त्यांनी एक विडी वळून पुरी केली, दोरा गुंडाळला आणि डायरेक्टरकडे बघून म्हणाल्या, "हे घ्या की असंच. मी बसते. फुकट."

भाच्यानं हे डायरेक्टरला समजावून सांगितलं. डायरेक्टर सभ्य माणूस होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "तसं केलं तर ती डॉक्युमेंटरी होईल."

एवढं ऐकायलाच जणू मी सगळा दिवस उन्हात उभा होतो! गाव खोटं असलं की पिक्चर आणि खरं असलं की डॉक्युमेंटरी. शहरात वाढलेली पोरं हीच खोटी गावं बघत मोठी होतात. पुढे त्यांतलंच एखादं अधिकारी होतं, एखादं पेपरात लिहू लागतं. मग गावात सिमेंटचं घर आलं, डोक्यावरून तार गेली, दारात नळ आला, की ह्यांना गाव बिघडल्यासारखं वाटतं. ज्या बाईनं आयुष्यभर विड्या वळून पक्की भिंत मिळवली, तिची भिंत ह्यांच्या फ्रेममध्ये खुपते. गरिबानं गरीबच दिसलं पाहिजे, आणि तेही उजेड चांगला असताना!

आणि कुणी म्हणेल, की असली गावं पडद्यावर चालत नाहीत. मग २०१६ चा 'सैराट' काय होता? नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातले, जेऊरचे. त्यांनी करमाळा तालुका करमाळा तालुक्यासारखा दाखवला. तोच ऊस, तीच विहीर, तीच भाषा. पोरं पळून गेली, ती हैदराबादला. इथल्या माणसांच्या पायाखालचा तोच रस्ता आहे. कुणी डॉक्युमेंटरी म्हणून उठून गेलं नाही. उलट लोक त्या जागा बघायला करमाळ्यात येऊ लागले. गाव नाकारलं जातं, ते दिसायला वाईट म्हणून नव्हे. ते कसं बघायचं, हे बघणाऱ्याला शिकवलेलं नसतं.

मंडळी 'कळवतो' म्हणून गेली. महिन्यानं भाच्याचा फोन आला.

"मामा, शूटिंग दुसरीकडे करतोय. पण डायरेक्टरला नाव फार आवडलंय. पाटीवर 'मु. पो. कुंभारी' लिहिलं तर चालेल का?"

मुलगी नको, पण तिचं माहेरचं आडनाव द्या, असं म्हणणारं स्थळ मी पहिल्यांदाच बघत होतो. म्हटलं, हा निर्णय माझा नव्हे. दुसऱ्या दिवशी जाऊन अक्कांना विचारलं. त्यांनी सूप बाजूला न ठेवताच सांगितलं, "लिहू द्या की. पण खाली घराचा नंबर बी लिहा म्हणावं."

हा निरोप मी शब्दशः कळवला. त्यानंतर भाच्याचा एकदाच फोन आला. डबल बेडची चादर हवी होती.