कागदपत्रांचंही वाळवण घाला!

मैत्रिणींनो, चैत्र-वैशाख आला की पापड-कुरडयांची घाई आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. पावसाआधी डबे भरलेले हवेत, हे पक्कं ठाऊक असतं. मग बारावीतल्या लेकीची कागदपत्रं मात्र निकालावर का टाकायची?

पंचवटीत आमच्या शेजारच्या वहिनींनी तेच केलं. ‘आधी मार्क तर कळू देत,’ म्हणाल्या. जूनमध्ये दाखल्यांसाठी झुंबड उडाली. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या दिवसापर्यंत हाती आला नाही आणि फीसाठी पाटल्या गहाण पडल्या. सवलत पुढं मिळाली. पण पाटल्या सोडवेपर्यंत व्याज गेलं ते गेलंच.

२०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. वसतिगृह, खानावळ, पुस्तकं यांचा खर्च मात्र आपलाच, बरं का!

तर कामाला अशा लागा:

* १ एप्रिल उलटला की सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज द्या.
* नॉन-क्रिमिलेअरसाठी ३ वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. जात पडताळणीला तर महिने लागतात. तो अर्ज अकरावीतच करा.
* बँक खातं मुलीच्या नावाचं हवं. आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं असं नव्हे. ‘शासकीय अनुदानासाठी आधार जोडा’ असा अर्ज बँकेत द्या.
* आधार, गुणपत्रिका, शाळेचा दाखला यांवर नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, पाहा.

प्रवेशानंतर महाडीबीटीवर अर्ज भरला की पावती जपून ठेवा. अर्ज आधी कॉलेज तपासतं. त्रुटी निघाली तर तो परत येतो, म्हणून आठवड्याला एकदा पाहायला मुलीलाच सांगा. आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा, विसरू नका!

निकाल कसाही लागो, दाखले वाया जात नाहीत. यंदा कुरडयांचा घाट घालाल, तेव्हाच एक फाईलही बांधा. पाटल्या हातातच शोभतात.