जुन्या तबकड्या आणि आमचा हस्तव्यवसाय

दरवर्षीं शाळेच्या वार्षिक प्रदर्शनांत एक टेबल असें असतें कीं, त्याकडे पाहतांच डोळे दिपून जातात. त्यावर जुन्या सीड्यांचीं घड्याळें, सीड्यांचे मोर, सीड्यांचीं तोरणें, नाताळांत टांगावयाचे तारे, दिवाळींत पणतीखालीं ठेवावयाच्या चकत्या, इतकेंच नव्हे तर एखादे वर्षीं सीड्यांचा विठोबाहि मांडलेला असतो. संध्याकाळीं जठारपेठेंतून व आसपासच्या वस्त्यांतून आलेली पालकमंडळी या टेबलापाशीं सर्वांत अधिक वेळ उभी राहते, आणि मुलांची पाठ थोपटून पुढें जाते. मीहि अनेक वर्षें पाठ थोपटीत आलों. गेल्या वर्षापासून मात्र माझा हात तितक्या सहज उठत नाहीं. तो कां उठत नाहीं हें सांगावें, व त्याबरोबर या विषयांतील माझीं दोनचार मतें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या वडील माणसांपुढें ठेवावीं, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

प्रथम घडलें तें सांगतों. गतवर्षीं कार्यानुभवाच्या तासास मीं आठवीच्या वर्गास सांगितलें, "घरांतल्या जुन्या, निरुपयोगी सीड्या घेऊन या." निरुपयोगी हा शब्द माझा होता, मुलांचा नव्हता. एका मुलानें सात सीड्या आणल्या. मध्यें एक व भोंवतीं सहा अशा त्या त्यानें बसविल्या. समान आकाराच्या एका वर्तुळाभोंवतीं बरोबर सहाच वर्तुळें मावतात, ही भूमिति त्याच्या हातानें न शिकवितांच साधली याचें मला कौतुक वाटलें. त्यांवर रंग दिला, मधल्या भोकांत घड्याळाचें यंत्र बसविलें, आणि त्या घड्याळास पहिलें बक्षीस मिळालें.

प्रदर्शनानंतर थोड्या दिवसांनीं त्या मुलाचे आजोबा शाळेंत आले. पातूरकडच्या एका खेड्यांतील कास्तकार; धोतर, सदरा, हातांत पिशवी. त्यांनीं घड्याळ पाहण्याची इच्छा दर्शविली. आनंदानें मीं तें कपाटांतून काढून त्यांच्यापुढें ठेविलें. त्यांनीं एकेका चकतीवरून बोट फिरविलें, आणि म्हणाले, "मास्तर, हे घड्याळ मले नाई पायजे. याइच्यातल्या एका सीडीत तिचा आवाज व्हता जी." मुलाची आजी जात्यावरच्या ओव्या फार चांगल्या म्हणत असे. ती जाण्यापूर्वी एका भाच्यानें त्या मुद्रित करून सीडी करून दिली होती. ती वाजविण्याचें यंत्र घरांत बिघडलें, म्हणून सीडी फळीवर पडून राहिली. आणि फळीवर पडून राहिलेली वस्तु निरुपयोगी, हा अर्थ माझ्या शब्दानें मुलास शिकविला.

रंग धुऊन काढूं, असें मी त्यांस घाईघाईनें म्हणालों. परंतु मुलानें मान खालीं घालून सांगितलें कीं, रंग नीट धरावा म्हणून त्यानें वरचा छापील थर चिकटपट्टी लावून ओढून काढला होता. येथें या वस्तूची घडण थोडी सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक असती तर हें झालें नसतें. सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लास्टिकची चकती होय. चकचकीत दिसणारी खालची बाजू म्हणजे नुसतें पारदर्शक प्लास्टिक. आवाजाच्या खुणा असतात त्या वरच्या बाजूस, जेथें नांव छापतात त्याच्या अगदीं लगत. त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप, त्यावर रोगणाचा एक हात, आणि त्यावर छपाई. लोक चकचकीत बाजूस फुलाप्रमाणें जपतात व वरच्या बाजूवर अणकुचीदार पेननें नांवें लिहितात. वास्तविक जपावयाची ती वरची बाजू. ती सोलली कीं लेप जातो, आणि लेपाबरोबर गाणें जातें. घरीं भरलेल्या सीडींत तर खुणा रंगद्रव्याच्या थरांत असतात, व तो थर उन्हानें आणि उष्णतेनें आपोआपहि फिका पडतो. आमच्या अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढें जातो. पत्र्याखालच्या फळीवर अशा सीड्या किती वर्षें टिकणार?

आजोबांनीं मुलास रागें भरलें नाहीं, मलाहि कांहीं म्हटलें नाहीं. पिशवी उचलून ते गेले. भाच्याकडे दुसरी प्रत आहे काय, याचा आम्हीं पुष्कळ शोध केला. ती निघाली नाहीं.

कोणी म्हणेल, एका घरीं झालेल्या चुकीवरून सर्व हस्तव्यवसायास नांवें कां ठेवावीं? मी हस्तव्यवसायास नांवें ठेवीत नाहीं. परंतु ही चूक एका घरची आहे असेंहि मला वाटत नाहीं. आपल्या देशांत अगदीं आरंभीं, १९०२ सालीं, कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें ग्रामोफोनच्या तबकडीवर घेतलें गेलें. त्या तबकड्या लाखेच्या असत. पुढें दुसऱ्या महायुद्धांत लाख दुर्मिळ झाली, तेव्हां अमेरिकेंत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांच्या नव्या तबकड्या केल्या गेल्या. हाहि पुनरुपयोगच होता, व तो नेटकेपणानेंच केला असेल. परंतु त्या दळणांत कोणाचा कंठ गेला याची नोंद कोण ठेवणार! सीडी १९८२ सालीं जपानांत प्रथम बाजारांत आली. वऱ्हाडांतल्या घरोघरीं ती लग्नाच्या चित्रणाबरोबर शिरली, आणि पुरतीं तीस वर्षेंहि न होतां तिचीं यंत्रें अडगळींत गेलीं. आज नव्या संगणकांत बहुधा ती घालावयास फटच नसते. अशा वेळीं ती वस्तु निरुपयोगी झाली कीं आपणच तिला मुकीं झालों, हा भेद कात्री हातीं घेण्यापूर्वी ओळखला पाहिजे.

माझी दुसरी तक्रार निराळ्या प्रकारची आहे. या टेबलावरील पुष्कळशा वस्तु टाकाऊंतून टिकाऊ म्हणून मिरवितात, पण टाकाऊ त्यांत थोडें आणि विकत घेतलेलें फार असतें. चकाकी, टिकल्या, रंगीत गोंद, कृत्रिम मोतीं यांवर घरच्या माणसांचा पैसा जातो. रात्रीं जागून वस्तु आई पुरी करिते. आणि प्रदर्शन संपल्यावर ती वस्तु जशीच्या तशी कचऱ्यांत जाते, फरक इतकाच कीं आतां तिला गोंदहि लागलेला असतो. मागें एका मुलीनें मला सांगितलें कीं, घरीं जुन्या सीड्या नव्हत्या म्हणून तिच्या वडिलांनीं कोऱ्या विकत आणून दिल्या! ऑक्टोबर १९३७ मध्यें येथून जवळच, वर्ध्यास, शिक्षणपरिषद भरली, व हस्तव्यवसाय हें शिक्षणाचें माध्यम व्हावें असा विचार तेथें पुढें आला. त्या योजनेशीं सर्वांचें जमलें नाहीं, माझेंहि सर्वस्वीं जमत नाहीं. तथापि हातानें केलेल्या कामांतून डोकें पुढें सरकलें पाहिजे, एवढें तरी त्यांतून घ्यावें. मोराच्या पिसाऱ्यांत सीडी चिकटविल्यानें डोकें कोठें सरकलें?

आणि या चकतींत शिकण्यासारखें इतकें आहे कीं, तिला नुसती चकाकी म्हणून वापरणें मला उधळपट्टी वाटते. पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत श्री. अरविंद गुप्ता यांनीं अनेक वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून मुलांस विज्ञान दाखविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाटेनें आम्हीं वर्गांत जें थोडेंबहुत करून पाहिलें तें असें.

सर्वांत सोपा तो भोंवरा. सीडीच्या मधलें भोंक १५ मिलिमीटरांचें असतें. त्यांत कांचेची गोटी खालून अर्धवट बसते. ती चिकटवावी, वरून बाटलीचें झांकण मुठीसारखें लावावें, कीं उत्तम भोंवरा झाला. वजन कडेस असल्यामुळें तो बराच वेळ फिरतो. त्यावर सात रंगांची कागदी चकती ठेवून फिरविली म्हणजे रंग मिसळून राखाडी पांढरा दिसतो. तो स्वच्छ पांढरा कां होत नाहीं, हा प्रश्न मुलें आपण होऊन विचारतात, व तेथूनच खरा तास सुरू होतो. दुसरें खेळणें फुग्याचें. झांकणास बारीक भोंक पाडून तें सीडीच्या मध्यावर चिकटवावें व त्यावर फुगविलेला फुगा चढवावा. खालून हवा निसटूं लागली कीं चकती गुळगुळीत फरशीवर घर्षणावांचून सरकते. न्यूटनचा गतीचा पहिला नियम मीं फळ्यावर वीस वर्षें लिहिला. तो मुलांस पटला तो या फुग्यानें.

परंतु सर्वांत मोलाचा प्रयोग प्रकाशाचा. सीडीवर जे इंद्रधनुष्यी रंग दिसतात ते रंगाचे नव्हेत. चकतीवर कोणताहि रंग नसतो. तिच्यावरील सर्पिल रेघ पांच किलोमीटरांहून लांब भरेल इतकी असते, व तिच्या वेढ्यांमधील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरांत सुमारें ६२५ वेढे. या वेढ्यांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा प्रत्येक रंग निराळ्या कोनानें निघतो. उदबत्तीच्या किंवा बुटांच्या खोक्यास एका टोकास बारीक फट पाडावी, दुसऱ्या टोकास सीडीचा तुकडा तिरपा बसवावा, व वरून एका भोंकांतून पाहावें. तारेच्या जुन्या दिव्याचा अखंड पट्टा दिसतो. कांडीच्या दिव्याचा तुटक, वेगवेगळ्या रेघांचा. हल्लींच्या एलईडी दिव्याच्या पट्ट्यांत निळा भाग उठून दिसतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत जान्सेन नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें आपल्या देशांतील गुंतूर येथें असाच, अर्थात् पुष्कळ चांगल्या यंत्रानें, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पृथ्वीवर तोंवर कोणास ठाऊक नसलेल्या हेलियमचा मागोवा त्याच वर्षीं वर्णपटांतून लागला. आपल्या खोक्यांतून मात्र सूर्याकडे थेट कधींहि पाहूं नये. पांढऱ्या भिंतीवर पडलेलें ऊन पाहावें.

वरच्या वर्गांनीं याहून पुढें जावें. लाल लेसरचा किरण सीडीवर सरळ टाकून एक मीटरवरील पडद्यावर बाजूचा ठिपका मोजावा. ६५० नॅनोमीटरच्या किरणास तो मध्यापासून सुमारें ४४ सेंटिमीटरांवर पडतो. डीव्हीडी घेतली तर १८० सेंटिमीटरांच्याहि पुढें जातो, कारण तिचे वेढे अधिक दाट. फूटपट्टीनें मोजून मायक्रोमीटरचें अंतर काढतां येतें, हें कळल्यावर नववीच्या एका मुलाच्या चेहऱ्यावर जें दिसलें, तें मला कोणत्याहि मोरांत दिसलें नव्हतें. किरण कोणाच्या डोळ्यांत जाणार नाहीं, ही जबाबदारी मात्र शिक्षकानें स्वतः घ्यावी.

आमच्या भागांत शेतकरी उभ्या पिकांत दोरीनें सीड्या टांगतात. पांखरें कांहीं दिवस बिचकतात, मग सरावतात. जागा बदलीत राहिलें तर उपयोग थोडा टिकतो. त्यास माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती सायकलींच्या व बैलगाड्यांच्या मागें दिव्याऐवजीं सीडी बांधण्यास. सीडी हा आरसा आहे. मोटारीचा प्रकाश तिच्यावर तिरपा पडला कीं तिरपाच निघून जातो, चालकाच्या डोळ्यांकडे येत नाहीं. बाजारांत मिळणारी लाल परावर्तक पट्टी मुद्दाम अशी घडविलेली असते कीं, प्रकाश जिकडून येईल तिकडेच परत जावा. कपाशीच्या हंगामांत रात्रीं गाड्या रस्त्यावर असतात. मुलांनीं आपल्या घरच्या गाडीस ती पट्टी लावावयास सांगावें. हवें तर दोन्ही वस्तु अंधारांत टॉर्च धरून, बाजूस सरकून, वडिलांस दाखवाव्या. पटावयास दोन मिनिटें लागतात.

आणखी थोडें. सीडी कात्रीनें कापतांना तडकून धारदार कपच्या उडतात; गरम पाण्यांत कांहीं वेळ ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून कापावी. मेणबत्ती तिच्यावर उभी करूं नये. उरलेले तुकडे जाळूं नयेत, त्यांचा धूर अपायकारक असतो.

माझ्या एका सहाध्यापक-भगिनीचें म्हणणें असें कीं, मुलांस चकाकीचा आनंदहि हवा; प्रत्येक वस्तूंतून न्यूटन काढूं नये. तें मी मान्य करितों. नाताळचा तारा मीहि घरीं करीन. फक्त कात्रीपूर्वी सीडी एकदां ऐकली जावी, इतका आग्रह मी धरीन.

तशी व्यवस्था आतां शाळेंत आहे. संगणकाच्या खोलींत एक जुनें यंत्र आहे, त्याची फट अजून उघडते. आणलेली प्रत्येक सीडी तेथें आधीं लाविली जाते. आंत घरचें कांहीं निघालें तर त्याची प्रत काढून, सीडी पाकिटांत घालून परत पाठविली जाते. पुष्कळ कोऱ्या निघतात, कांहीं वाचतच नाहींत, कांहींत जुने सिनेमे असतात. त्या भोंवऱ्यांस आणि खोक्यांस जातात. मधल्या सुटींत त्या यंत्रापाशीं बसण्याचें काम ज्या मुलानें मागून घेतलें, त्यानेंच तें घड्याळ केलें होतें. परवां तो एका सीडींतून ऐकूं येणारा म्हातारीचा आवाज कानास लावून बराच वेळ बसला होता. मीं विचारलें तेव्हां म्हणाला, "माझी नाही सर, सातवीतल्या एकीची आजी आहे," आणि पाकिटावर तिचें नांव लिहूं लागला.