आधी पेटीवर, मग पोटावर

‘औषधांची मारामार असलेल्या दवाखान्यात सिम्युलेटर कशाला?’ मराठवाड्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या हाती पुरावाही असतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. मनुष्यबळ आणि औषधांच्या तुटवड्यावर तेव्हा उठलेला गदारोळ लोक विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी निवासी डॉक्टरांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करायला यंत्र द्या म्हटले की अनेकांना ती चैन वाटते.

प्रश्न रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सराव कोणालाही टाळता येत नाही. शिकणाऱ्याचा पहिला, अडखळता हात कुठेतरी पडणारच. सिम्युलेटर नाकारला की तो रुग्णाच्या पोटात पडतो, आणि शासकीय रुग्णालयात ते पोट बहुधा किनवट, देगलूर, निलंगा किंवा औशाकडच्या एखाद्या शेतमजुराचे असते. यात खर्च वाचत नाही, तो फक्त बिलाच्या कागदावर दिसेनासा होतो.

हा खर्च किती, याचा एक जुना हिशेब उपलब्ध आहे. पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची पद्धत नवी होती तेव्हा, १९९१ साली, अमेरिकेच्या दक्षिणेकडील शल्यचिकित्सकांच्या एका गटाने १,५१८ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक सर्जनच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के निघाले. त्यानंतरच्या रुग्णांत ते ०.१ टक्क्यावर आले. हे नवशिके विद्यार्थी नव्हते, पोट उघडून पित्ताशय काढण्यात मुरलेले सर्जन होते. पित्तनलिका कापली गेली की दुसरी, कितीतरी अवघड शस्त्रक्रिया करावी लागते. नांदेड-लातूरच्या रुग्णासाठी त्याचा अर्थ बहुतेक वेळा हैदराबाद, पुणे किंवा मुंबई असा होतो.

मुरलेले हातही का चुकले? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हाताचे जुने शहाणपण फारसे कामी येत नाही. लांब दांड्याचे हत्यार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकलेले असते, त्यामुळे मूठ डावीकडे गेली की टोक उजवीकडे जाते. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते. बोटांना ऊतीचा स्पर्श जवळपास कळत नाही, आणि आपण काय पाहायचे हे कॅमेरा धरणारा ठरवतो. ही उलटापालट मेंदूच्या अंगवळणी पडायला पुनरावृत्तीच लागते. ती पुनरावृत्ती भूल दिलेल्या माणसावरच झाली पाहिजे, असे कुठल्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

विरोधकांच्या भात्यात याहून धारदार बाण आहे. तो ते फारसा काढत नाहीत, म्हणून इथे आपणच काढलेला बरा. २००३ मध्ये पित्तनलिकेच्या २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ९७ टक्के प्रसंगांत मूळ कारण दृष्टिभ्रम होते. सर्जनला पित्तनलिका हीच पित्ताशयाची नळी वाटली आणि त्याने ती शांतपणे, सफाईने कापली. हाताच्या कौशल्यातला दोष अवघा ३ टक्के. मग सिम्युलेटरवर कड्या हलवून काय साधणार?

युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक गाळलेली पायरी आहे. भ्रम ओळखायला थांबून पाहावे लागते, आणि पाहायला मन मोकळे लागते. हत्याराचे टोक कुठे गेले, चिमटा उघडला की मिटला, यातच ज्याचे सगळे लक्ष अडकले आहे त्याच्याकडे शरीररचनेवर शंका घ्यायला उसंत कुठून येणार? सिम्युलेटर पित्तनलिका ओळखायला शिकवत नाही, हे मान्य. तो हाताचा हिशेब आधी मिटवून ठेवतो, म्हणजे थिएटरमध्ये वरिष्ठांना रचना, धोके आणि निर्णय शिकवायला वेळ मिळतो.

‘सिम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा खेळ’ या आक्षेपाची वासलात प्रयोगांनी कधीच लावली आहे. २००२ मध्ये येल विद्यापीठातील १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना आधी सिम्युलेटरवर तयार केले आणि मग सगळ्यांच्या खऱ्या पित्ताशय-शस्त्रक्रिया तपासल्या. सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर उरकले. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या २४ शिकाऊ डॉक्टरांवर असाच प्रयोग झाला. गर्भनलिका काढण्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेला सिम्युलेटरवर तयार झालेल्यांना सरासरी १२ मिनिटे लागली, इतरांना २४. परीक्षकांनी दिलेले त्यांचे गुण २० ते ५० शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांच्या तोडीचे होते.

‘आम्ही असेच शिकलो’ हे ज्येष्ठांचे म्हणणे खरे आहे. १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले तेव्हा देशात शिकवायला कोणीच नव्हते. वाट पाडणाऱ्यांना ठेचा लागल्या म्हणून मागून येणाऱ्यांनीही दगड शोधत चालावे, हा मात्र अजब न्याय झाला. उडवाडियांचा आग्रह आठवावा तो वेगळ्याच कारणासाठी. ही शस्त्रक्रिया श्रीमंतांची चैन नाही. लवकर कामावर परतणे ज्याला सर्वांत गरजेचे, त्या हातावर पोट असणाऱ्याची ती अधिक आहे, असे ते सांगत.

आधी सरावाचा हा आग्रह पाश्चात्त्य खूळ म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय उघडावा. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. शिरावेधासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाक्यांसाठी कापड आणि मऊ कातडे. पट्ट्या बांधायला बाहुली. शास्त्र कितीही वाचलेले असो, हा सराव न केलेला शिष्य कामाला अयोग्य, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे.

आणि लातूरने तर या वादात विरोधाचा सूर काढूच नये. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावाशी जोडलेला ‘लातूर पॅटर्न’ उभा आहे तो सराव परीक्षांवर. पेपर, तपासणी, चूक, पुन्हा पेपर. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, तो वाचावा म्हणून पोराला वर्ष-दोन वर्षे घासून घेतात. तोच पोरगा एमएस करायला आला की मात्र त्याची पहिलीच परीक्षा जिवंत पित्ताशयावर!

राहिला पैसा. संगणकीय आभासी सिम्युलेटर महाग असतात, यात वाद नाही. पण प्राथमिक कौशल्यांसाठी त्यांची गरजच नाही. झाकणाला छिद्रे पाडलेली एक पेटी, आत दिवा आणि वेबकॅम, समोर एखादा जुना मॉनिटर आणि थिएटरमधून बाद झालेली हत्यारे एवढ्यावर काम भागते. अमेरिकेत २००४ पासून घेतली जाणारी आणि पुढे तिथल्या सर्जनांना अनिवार्य झालेली मूलभूत कौशल्यांची परीक्षा अशाच पेटीवर होते. एका चिमट्याने कडी उचलायची, हवेतच दुसऱ्या चिमट्यात द्यायची, पलीकडच्या खुंटीवर बसवायची. सहा झाल्या की उलट फेरी. गॉजवर आखलेले वर्तुळ रेषेबाहेर न जाता कापायचे. फास टाकायचा, मग आत आणि बाहेर गाठ मारायची. घड्याळ चालू, चुकीला दंड.

स्वस्त म्हणजे हलके असे मानणाऱ्यांनी दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांकडे पाहावे. हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी त्यांनी मच्छरदाणीचे निर्जंतुक कापड वापरले आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष छापले. शिकवायला माणूस नाही, ही सबबही टिकत नाही. बोत्स्वानातल्या सर्जनांना टोरांटोहून इंटरनेटवर पेटीचे धडे दिले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार या गटातले सगळे परीक्षा उत्तीर्ण झाले. एकट्याने सराव करणाऱ्यांपैकी केवळ ३८ टक्के. टोरांटो ते बोत्स्वाना जे जमले, ते मुंबई ते नांदेड जमू नये?

सिम्युलेटरच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावायला हवेत. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे कोणतेही यंत्र शिकवत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तिथे प्रश्न हाताच्या सफाईचा नव्हताच. दुसरे म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा, बुफे आणि प्रमाणपत्र याला प्रशिक्षण म्हणू नये. २००६ च्या एका प्रयोगात ३८ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म शिवण शिकवली गेली. तेवढाच सराव आठवड्याआठवड्याने केलेले डॉक्टर एकाच दिवसात उरकलेल्यांपेक्षा महिनाभरानंतर सरस ठरले. आणि तपासणीच्या दिवशी उघडणारी आणि एरवी कुलपात राहणारी कौशल्य प्रयोगशाळा नसलेलीच बरी, निदान तिच्या नावाचा फलक तरी खोटे बोलत नाही.

मागणी यातून सरळ निघते. नांदेड आणि लातूरच्या शल्यचिकित्सा विभागांनी वॉर्डाजवळ, रात्रपाळीतही उघडी राहणारी पेटी ठेवावी. प्रत्येक निवासी डॉक्टरने दर आठवड्याला तिच्यावर बसावे, वेळ आणि चुका नोंदवाव्यात. ठरलेली पातळी गाठल्याखेरीज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्याच्या हाती हत्यार देऊ नये. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने या नोंदीसाठी लॉगबुकात एक सक्तीचे पान वाढवावे आणि त्याखाली विभागप्रमुखांची सही मागावी.